साहेबासाठी बांधलेली चीज

आमच्या ओट्यावर सरकारनं एक पोलीस बसवला होता आणि माझी माय त्याला रोज दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायची, हे आधीच सांगून टाकते. पुढं लोकांनी नानांच्या इतक्या कथा केल्या, भाषणं केली, एकदा तर शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरांनी नाटकही बसवलं. पण त्यातल्या एकातही ही भाकरी नाही. नाटकात पोलिसाला काजळाच्या मिशा काढून राक्षस केला होता. अहो, कसला राक्षस! नवापूरकडचा गरीब माणूस, घरी बायकापोरं सोडून इथं येऊन पडलेला. उन्हानं डोकं चढलं की मायकडे कांदा मागायचा. पण तो होता, आणि तो होता म्हणून नानांना उंबऱ्याबाहेर मोकळं पाऊल टाकता येत नव्हतं, हेही तितकंच खरं. भाकरी खाल्ली की तो हात धुवायचा आणि पुन्हा दारात येऊन बसायचा.

नाना म्हणजे माझे वडील. आमचं गाव शहाद्याच्या खालच्या अंगाला, तापीकाठी. काळी जमीन, बारमाही विहीर, पिढ्यान्‌पिढ्यांची शेती. अशा घरातला हा माणूस ऐन तरुणपणी पळाला, गुजरातेकडच्या एका संस्थानात एका खाँसाहेबांच्या दारात पडून राहिला, आणि बऱ्याच वर्षांनी खांद्यावर तंबोरा घेऊन परत आला. गावानं असा भोपळा कधी पाहिला नव्हता. "नाना, येनी भाजी कितला लोकस्ले पुरी?" असं लोक विचारायचे म्हणे. नाना हसायचे आणि दुसऱ्या दिवशी औताला जायचे. पण त्यांचं खरं काम गाण्यापेक्षाही चिजा बांधायचं. चीज म्हणजे रागातलं गाणं, वर स्थायीच्या दोन ओळी, खाली अंतऱ्याच्या दोन, आणि तेवढ्यात अख्खा राग मावला पाहिजे. अंतऱ्यात त्यांचं नाव यायचं, 'तापीदास'. ते नाव ऐकून लांबलांबचे गवई आमचं गाव शोधत यायचे आणि ओसरीवर बसून चिजा शिकून जायचे. मायला त्याचं कौतुक होतं, पण तोंडानं म्हणेल तर शपथ. "दोन ओळीस्ले दोन महिना! तितलामा कपाशी वेचाई जास," असं म्हणत ती पाहुण्यांसाठी खापरावर मांडे टाकायची, आणि तिचे मांडे इतके तलम असायचे की एक बडोद्याचा गवई म्हणाला होता, बाई, सूर सुरावर अलगद ओघळावा तशी मींड आहे तुमच्या हातात. माय त्याला शिवी समजली होती.

या चिजा घरात बसून व्हायच्या नाहीत. नानांची चीज बांधायची जागा म्हणजे विहिरीवरची मोट. बैल धावेच्या उतारावरून खाली जायचे, दोर करकरायचा, मोट वर यायची, आणि पाणी धबकन थारोळ्याच्या कुंडीत पडलं की ती नानांची सम, तालाचा पहिला ठोका. मग बैल उलट्या पावलांनी वर यायचे तोवर दुसरी ओळ. असं दिवसभर. कुणी घरी बसून बांधायला सांगितलं तर ते म्हणायचे, बसलेल्या माणसाला लय सुचत नाही, झोप सुचते. मला त्यांनी तंबोरा धरायला शिकवला होता. आमच्या घरातल्या मुलीनं गायचं नाही असं ठरलेलं होतं, पण तंबोरा धरायला हरकत नाही असंही ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते देव जाणे! मी आपली मागं बसून तारा छेडायची आणि मनातल्या मनात सगळं गायची. शिक्षिकेची नोकरी होईपर्यंत माझा आवाज कसा आहे हे मलाच माहीत नव्हतं.

माझा थोरला भाऊ, त्याला आम्ही भाऊच म्हणायचो, नंदुरबारला शिकायला होता. चळवळीचे दिवस होते आणि त्या वयात कोण घरात बसतं? त्यानं काय करावं, तर नानांची एक पहाटेची चीज उचलली, तिच्यावर सरकारविरुद्धचे आपले अहिराणी शब्द बसवले, आणि प्रभातफेरीत गायला सुरुवात केली. बघता बघता ती चाल तालुकाभर झाली. कपाशी वेचणाऱ्या बायासुद्धा ती म्हणायला लागल्या. भाऊ सुट्टीत घरी आला तेव्हा नाना त्याच्यावर असे खवळले की विचारू नका. आम्हाला वाटलं, सरकारच्या भीतीनं. छे! "भैरवना रिषभ असा लावतस का रे? मन्ही चीजना पार चोथा करी टाका!" भाऊ हसत सुटला, मग नानाही हसले, आणि दोघं बापलेक मोटेवर जाऊन रिषभ घोटत बसले. ते दोघं एकत्र हसलेले मी घरात पाहिले ते तेवढेच. पुढच्याच पंधरवड्यात भाऊला पकडून धुळ्याच्या तुरुंगात टाकलं, आणि चाल कुणाची म्हणून चौकशी करत फौजदार आमच्या दारात आला.

नानांना तुरुंगात नेलं नाही. नेलं असतं तर बरं झालं असतं असं ते स्वतःच म्हणायचे. त्यांना हुकूम झाला, पोलिसाशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, गावठाणाबाहेर जायचंच नाही, चारचौघांत गायचं नाही, बाहेरच्या गवयांनी घरी यायचं नाही. तंबोऱ्याच्या खोलीला कुलूप लावलं, कुलपावर कापड गुंडाळून लाखेचं सील मारलं, आणि ओट्यावर तो पोलीस बसवला. विहीर गावठाणाबाहेर, म्हणजे मोट बंद. सालदार गडी मोट हाकायचा आणि वारा तिकडून असला की दोराची करकर घरापर्यंत यायची. नाना मागच्या दारात उभे राहून ती ऐकायचे. ओसरीतून मागच्या दारापर्यंत आणि मागच्या दारापासून ओसरीपर्यंत, एवढ्यातच त्यांच्या येरझाऱ्या चालायच्या. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. घुट्याची डाळ त्यांचा जीव की प्राण, तिच्यातही नुसती भाकरी कुस्करून ठेवायचे. सील केलेल्या खोलीच्या भिंतीला लागूनच आमचं जातं होतं. दळण सुरू झालं की त्या घरघरीनं आतला तंबोरा आपोआप बोलायला लागायचा, अगदी बारीक, भिंतीला कान लावल्याशिवाय कळायचं नाही. नाना येऊन कान लावायचे. आणि माझी माय, जी गवयांच्या नावानं बोटं मोडायची, ती पीठ पुरेसं झालं तरी आणखी मूठभर दाणे जात्यात टाकायची. त्यांच्याकडे बघायची नाही, पण टाकायची.

दळायला मायबरोबर माझी फुई बसायची. फुई म्हणजे नानांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, आमच्याकडेच राहायची. कानबाईची गाणी म्हणावीत तर फुईनंच. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. नारळाला नथ, डोळे, लुगडं, घरादाराला नैवेद्याचे रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, आणि दुसऱ्या सकाळी कानबाई नदीला निघते. निघताना म्हणायचं एक वेगळं गाणं आहे. आमच्या तापीकाठच्या गावांत त्याची रीत अशी, की ते गाणं कानावर आलं की कुणी बसून राहायचं नाही. म्हातारा असो, बाळंतीण असो, जेवत असाल तर ताटावरून उठायचं, हात जोडायचे, आणि मागं वळून न पाहता नदीपर्यंत चालायचं. बसून राहिलं तर कानबाई त्या माणसापाशी अडकते, तिला घरी जाता येत नाही, आणि अडकलेली देवी कुणाचंही भलं करत नाही. त्यामुळं एरवी ते गाणं कुणी तोंडावरही आणत नाही. फुई मात्र जात्यावर त्याची नुसती चाल गुणगुणायची, शब्दांशिवाय, दळणाच्या संथ लयीत, मधेच सोडून, मधेच धरून. तशी म्हटली तर दोष नव्हता. तीच चाल चालत्या पावलांच्या झपझप लयीत आली, की मग शब्द असोत-नसोत, ते निघायचं गाणं.

अशात मामलेदारांचं बोलावणं आलं. नाना पोलिसाबरोबर शहाद्याला गेले आणि संध्याकाळी परत आले ते काळेठिक्कर पडून. महायुद्धासाठी सरकारला लोकांची मदत हवी होती, त्यासाठी शहाद्याला मोठा दरबार भरणार होता, वरून मोठा गोरा साहेब येणार होता. मामलेदार नानांना म्हणाले होते, "साहेबांच्या स्वागताची एक चीज बांधा. त्यांचं नाव असू द्या, सरकारच्या विजयाची दोन अक्षरं असू द्या. ज्यांची चाल चळवळवाल्यांनी चोरली, ते स्वतः सरकारच्या बाजूनं गातात, एवढं लोकांना दिसलं की झालं. तुमच्या मुलाला सोडतो, माझा शब्द आहे." आणि नाना विचार करतो म्हणाले, तर मामलेदारांनी आपणहून मायला आणि मला तुरुंगात भेटीची परवानगी दिली. हुशार माणूस! त्याला माहीत होतं आम्हाला काय दिसणार ते.

भाऊ हिवतापानं पिवळा पडला होता. भर दुपारी घोंगडी पांघरून आला, गजांना धरून उभा राहिला, तरी दात वाजत होते. मायनं डाळीचे वाफवलेले फुनके नेले होते, ते त्यानं हातात घेतले आणि तसेच धरून ठेवले. दरबाराची बातमी त्याला आधीच लागली होती. "नानास्ले सांग, त्या साहेबपुढे गायनात ना, त मी सुटीसन भी घर येवाव नही." मायनं त्याला समजावलं, रडली, शेवटी गजांतून हात घालून त्याच्या गालात एक चापटही दिली. तो काही बदलला नाही. परतताना मोटारीत ती मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तो तठेच मरी." आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या दुपटीहून जास्त आहे, पण ते वाक्य अजून तिच्याच आवाजात ऐकू येतं.

घरी आल्यावर तिनं पाणीसुद्धा प्यायलं नाही. नानांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "गाणं मोठं शे का पोऱ्या मोठा शे, एकदाव सांगी टाका." नानांच्या येरझाऱ्या थांबल्या. मग म्हणाले, "गाऊ त पोऱ्या मन्हं तोंड देखाव नही. नही गाऊ त मले पोऱ्यानं तोंड देखाले भेटाव नही." इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, ते हेच. फुई चुलीपाशी होती, ती म्हणाली, तोंड नाही बघितलं तर नाही बघितलं, जिवंत तर राहील. माय म्हणाली, हेच तर मी म्हणते. नानांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी मामलेदारांना होकार कळवला. गावात पोलीस पाटील आमचेच चुलते होते. ते बातमी ऐकून धावत आले आणि नानांना मिठी मारून म्हणाले, "बरं करं भो!" पण गावातल्या बाकीच्यांनी आमच्या ओट्यासमोरून जाताना तोंड फिरवायला सुरुवात केली. आमच्या घरी ताक मागायला येणाऱ्या बायासुद्धा येईनाशा झाल्या.

खोलीचं सील तोडलं. तंबोऱ्यावर बुरशी आली होती, ती मी पुसली, तारा बदलल्या. नाना बांधायला बसले आणि काही म्हणजे काही सुचेना. शब्द काय, नेहमीचे, शुभ घडी, मंगल दिन. त्यात त्या साहेबाचं नाव. ते मेलं समेवर बसायलाच तयार नाही! एकीकडून ओढलं की दुसरीकडून बाहेर. 'तापीदास' काढून तिथं त्याचं नाव घालायचं होतं आणि नाना दरवेळी चुकून 'तापीदास'च म्हणायचे, मग थांबायचे. मोटेवर जाऊ द्या म्हणून त्यांनी अर्ज केला, तोही नाकारला. दार बंद, उकाडा, बाहेर पोलीस, आणि भिंतीपलीकडं दिवसभर माय-फुईचं दळण. दिवस जवळ यायला लागले तसे नाना घाबरले. इतका मोठा कलावंत, पण परीक्षेला बसलेल्या पोरासारखा तोंडावरून हात फिरवत बसायचा. मी तंबोरा छेडत असायची आणि मला वाटायचं, हा माणूस इथंच संपतोय माझ्यासमोर. आणि मग एका सकाळी ते काफीच्या अंगानं काहीतरी गुणगुणायला लागले. एक ओळ आली, पाठोपाठ दुसरी आली. साहेबाचं नावही निमूट बसलं. नानांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रक्त दिसलं. "उनी रे उनी," असं म्हणत ते उठून अंगणात गेले. चीज संथ होती, ठाय लयीत, आलापांनी भरलेली. घरात तबला नव्हता. ती आम्ही तशीच, संथ, घोटली. मला ती आवडली, आवडली म्हणून स्वतःचाच रागही आला.

दरबाराच्या दिवशी शहाद्यात गोमाई नदीच्या अंगाला भला मोठा मांडव घातला होता. गावोगावच्या पाटलांना हुकूम होता, गाड्या भरून माणसं आणा, बायकाही आणा, साहेबांना प्रजा दिसली पाहिजे. आमच्या गावच्या गाड्या आमच्या चुलत्यांनी दमदाटी करून भरल्या. फुई मात्र स्वतःहून आली, नवं लुगडं नेसून. नाना गाणार आहेत म्हणून, कुठं गाणार आहेत याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. मायही आली होती. तिच्या कडेला एक गाठोडं होतं, त्यात भाऊचं धुतलेलं धोतर आणि सदरा. मामलेदारांनी शब्द दिला होता ना! भाषणं सुरू झाली आणि संपेनात. ऊन चढलं, गोरा साहेब रुमालानं मान पुसत होता, सारखं घड्याळ काढून बघत होता. नाना आणि मी वर बसलो तेव्हा मांडवातली माणसं आमच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर कुणावर येऊ नये अशी मी प्रार्थना करते. नानांनी स्वर लावला. सूर सच्चा होता. ठाय लयीत दोन आवर्तनं झाली असतील नसतील, मामलेदारांनी खालून हात हलवून तबलजीला खूण केली, आटप, आटप. तबलजी बिचारा शहाद्याचाच, सरकारला भिणारा. त्यानं लय दुपटीला नेली. नानांना मागं जावंच लागलं. आलाप गळून पडले, राहिली नुसती चाल, उघडी, झपझप चालणारी.

तेव्हा मला कळलं. मी तंबोऱ्याच्या तारेवर बोट ठेवलं होतं, ते तिथंच थिजलं. मी समोर बायकांकडे पाहिलं. फुई ताठ झाली होती. तिच्या डोळ्यांत क्षणभर नुसती भीती दिसली, अवेळी देवी निघाल्याची. मग ती उठली, पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले. "उठा वं, कानबाई निंघनी!" आमच्या गावच्या बाया उठल्या. मग तापीकाठच्या सगळ्याच गावांच्या. मग पुरुष उठले, डोक्यावरच्या टोप्या-फेटे सारखे करत. चेष्टा नव्हती हो ती, कुणाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. बसून राहायची छाती कुणाला होणार? अख्खा मांडव हात जोडून उभा राहिलेला पाहून साहेबाला वाटलं, आपल्यासाठीच. तो खुशीनं उठला आणि त्यानं हॅट काढली. मामलेदारांचा ऊर भरून आला होता. आणि मग फुई वळली आणि नदीच्या दिशेनं चालायला लागली, तिच्यामागं बाया, बायांमागं पुरुष, कुणी मागं वळून पाहीना. मांडव रिकामा होत गेला. साहेब हॅट हातात धरून उभा, समोर तुडवलेल्या सतरंज्या. आमच्या चुलत्यांची तर हसावं की रडावं अशी गत. ते पोलीस पाटील, त्यांनी उठायचं नव्हतं, पण कानबाईपुढं त्यांची काय टाप! तेही हात जोडून पाठ फिरवून निघाले. नाना गातच होते, कारण डोळे मिटलेले. मी त्यांच्या पाठीला हात लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि समोरचं पाहिलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या क्षणी त्या माणसाला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

आता लोक सांगतात, नानांनी साहेबाला असा धडा शिकवला, महिनाभर डाव रचला. गेल्या वर्षी पुरुषोत्तमनगरच्या एका कार्यक्रमात एका तरुण पाहुण्यानं तर मला सांगितलं, "आजी, त्यांनी आधी गावोगाव निरोप धाडले होते." मला सांगतो! मी तंबोऱ्यावर होते, बाबा. निरोप कसला नि डाव कसला. घरात कोंडलेल्या माणसाच्या कानात जे पडत राहिलं तेच त्याच्या गळ्यातून आलं. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंतच नानांचा वाघ झाला. ज्यांनी तोंड फिरवलं होतं तेच लोक ओट्यावर येऊन पाया पडायला लागले, ओट्यावरच्या पोलिसाला बाजूला सारून. दूध आलं, भरीत आलं, भाकऱ्यांची चळत आली. नाना नुसते बघत बसले. आणि दोन दिवसांनी तुरुंगातून सुटलेला एक पोरगा दारात आला आणि मोठ्यानं म्हणाला, "भाऊनी सांगेल शे, मन्हा बाप वाघ शे. आते मी छाती फुगाडीसन घर येसू." नानांनी ते त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग उठून आत गेले. मी पाहिलं, ते भिंतीकडे तोंड करून रडत होते.

चौकशी आमच्या गावच्या चावडीत झाली. मामलेदार स्वतः आले होते, चेहरा उतरलेला. त्यांचीच नोकरी टांगणीला लागली होती. चावडीबाहेर गाव जमा झालेलं. आत नाना, माय, फुई, मी, आणि चुलते. मामलेदार फार सौम्य बोलले. "हे पाहा, मला कुणाचं वाईट करायचं नाही. तुम्ही फक्त एवढी जबानी द्या की ही चाल तुमची नव्हे, बायकांच्या गाण्यातली आहे, ती नकळत तुमच्या तोंडी आली. सहज घडलं. माझीही सुटका, तुमचीही. तुमचा मुलगा परवा घरी पोचेल." म्हणजे सरकार नानांना खरं तेच बोलायला सांगत होतं! असं कधी कुणावर आलं असेल का? चुलते हात जोडून म्हणाले, "बोल ना नाना, सहज व्हयनं म्हण. खरं तेच शे ना!" मायनं गाठोडं छातीशी धरलं होतं. नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराबाहेर उभ्या असलेल्या लोकांकडे. "मुद्दाम बांधी," ते म्हणाले. "समजी उमजीसन बांधी. चीज मन्ही शे."

ते असं का म्हणाले, यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. लोक म्हणतात देशासाठी. फुई म्हणायची पोरासाठी, त्याच्या डोळ्यांत मोठं राहावं म्हणून. मला विचाराल तर दोन्ही असेल, पण त्यात आणखी एक होतं. चीज माझी नाही, असं कागदावर लिहून द्यायला त्यांचा हात उठला नसता. शेत सोडलं असतं त्यांनी, घर सोडलं असतं, पण ते नाही. कलावंत माणूस, काय बोलायचं त्याला? मला त्यांचा अभिमान वाटतो आणि त्यांचा रागही येतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटतात, कमी काही होत नाही. पोलीस त्यांना धरून बाहेर न्यायला लागले तेव्हा ते फुईपाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "चाल तुन्ही व्हती, बहीण. मले मांडोमा कळनं." फुई म्हणाली, "मले माहीत शे रे, येड्या. जा आते."

नाना धुळ्याला भाऊच्याच बराकीत राहिले. दोघं बरोबरच सुटले, चळवळ थंडावल्यावर. भाऊ खरोखरच छाती पुढं काढून आला, बैलगाडीतून, घोंगडी पांघरून, आणि त्याच तापानं पुढच्या अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत गेला. एवढंच लिहिते. याच्यावर माझ्याच्यानं जास्त लिहवत नाही.

त्या दिवशी चावडीबाहेर मात्र नुसता जल्लोष होता. पोलिसांची मोटार धुरळा उडवत गेली आणि लोकांनी जयजयकार केला. कुणीतरी झेंडूची माळ आणली होती, ती नानांच्या गळ्यात घालायची राहून गेली, म्हणून मायच्या गळ्यात घातली. बाया तिच्या पाया पडायला लागल्या, तिच्या कपाळाला कुंकू लावायला लागल्या. माय मधोमध उभी होती, हातात ते गाठोडं. एकेकीला ती दिवस विचारत होती, अगदी हळू आवाजात, बाजाराचा भाव विचारावा तशी, "मन्हा पोऱ्या घर कवय ई?" बाया पाया पडत होत्या आणि पुढं सरकत होत्या.